पाच काडतुसांचा हट्ट

थंडी पडली, तलावांवर उत्तरेकडची बदकं उतरली, की आमच्या भंडारा जिल्ह्यात एक ठरावीक चर्चा रंगते. चर्चा करणारे बहुतेक पन्नाशीपुढचे, खाऊनपिऊन सुखी, आणि घरात कधीकाळी परवान्याची बंदूक असलेले. त्यांचं म्हणणं असं, की शिकार पुन्हा सुरू व्हायला हवी. वाघ-बिबट्याचं कुणी नाव काढत नाही. फक्त बदकांची. परवाना देऊन, शुल्क घेऊन, हंगाम ठरवून, ‘शास्त्रीय’ पद्धतीने. अमेरिकेत चालतं, मग इथे का नको?

अलीकडे या चर्चेत एक नवा पाहुणा आला आहे, सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन. कुणाचा मुलगा टेक्सासात असतो, कुणाचा जावई मिनेसोटात. तिकडून पहाटेच्या दलदलीतले व्हिडिओ येतात. धुकं, चिखलाच्या रंगाचे कपडे, पाण्यावर सोडलेली खोटी बदकं, आणि ठो-ठो-ठो. मग इकडे पानाच्या ठेल्यावर वाद सुरू होतो. बेरेटा चांगली की बेनेली? गॅसवर चालणारी घ्यावी की इनर्शियाची? ज्यांनी आयुष्यात दुनळीशिवाय काही हातात धरलं नाही, ते साडेतीन इंची काडतुसाचे गुण सांगतात.

मी कारध्याचा. वैनगंगेच्या अल्याड आम्ही, पल्याड भंडारा शहर. उरलेल्या महाराष्ट्राला आमच्या गावाचं नाव पावसाळ्यातच ऐकू येतं, पुलाजवळची पाण्याची पातळी बातम्यांत सांगतात तेव्हा. मला या मागणीला विरोध करायचा आहे, आणि तो भूतदयेच्या नावाने नाही. मी मांस खातो. माझ्या आजोबांकडे १२ बोअरची दुनळी होती आणि यंत्र म्हणून बंदूक मला आजही देखणी वाटते. माझा विरोध हिशेबाचा आहे. हा हिशेब त्या बंदुकीपासूनच सुरू करावा लागतो, कारण तिच्या चाहत्यांनी तिचं चरित्र नीट वाचलेलं नाही.

बंदुकीचं चरित्र

१२ बोअर म्हणजे काय? नळीच्या भोकात नेमक्या बसतील अशा शिशाच्या १२ गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, ती १२ बोअर. दुनळीत दोन काडतुसं बसतात. दोन बार झाले, की बंदूक मोडायची, रिकामी टरफलं काढायची, नवी काडतुसं घालायची. तेवढ्यात थवा निघून जातो. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसाने हा ‘तेवढ्यात’ काढून टाकला. बार झाल्यावर बंदुकीला जो धक्का बसतो, त्याच धक्क्याने टरफल बाहेर फेकलं जाईल आणि पुढचं काडतूस आपोआप आत येईल अशी त्याची रचना होती. १९०० साली त्याला पेटंट मिळालं आणि १९०२ पासून बेल्जियममध्ये ती बंदूक तयार होऊ लागली. ऑटो-५ हे तिचं नाव. पाच काडतुसं म्हणून पाच.

पुढे दोन घराणी झाली. एका घराण्यात नळीला बारीक छिद्रं असतात. बारूद जळून जो वायू तयार होतो त्यातला थोडा या छिद्रांतून दट्ट्यावर येतो आणि यंत्रणा मागे ढकलतो. ही गॅसची बंदूक. खांद्याला धक्का कमी, पण काजळी धरते, वरचेवर साफ करावी लागते. दुसऱ्या घराण्यात वायू आत येतच नाही. बंदूक मागे सरकते, आतला जड भाग जडत्वाने जागीच राहतो, मधली स्प्रिंग दाबली जाते आणि सुटताना काम करते. ही इनर्शियाची. हलकी, स्वच्छ, चिखलात तग धरणारी, पण खांद्यावर जोरात आदळते. सुजाण शिकारी पहिला प्रश्न विचारतो तो कंपनीचा नसतो. तो विचारतो, की माझ्या खांद्याला बंदूक नीट बसते का, मी कोणतं काडतूस वापरणार, आणि किती अंतरावर बार टाकणार? अमेरिकेत राहणाऱ्या माणसासाठी हे सगळे रास्त प्रश्न आहेत.

पण ठेल्यावरच्या चर्चेत न येणारी गोष्ट पुढे आहे. ज्या देशात ही बंदूक जन्मली, त्याच देशाने तिच्या पोटात लाकडाचा तुकडा घातला. १९३५ पासून तिथे स्थलांतरित बदकं-हंसांच्या शिकारीसाठी बंदुकीत एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसं बसता कामा नयेत असा केंद्रीय नियम आहे. त्यासाठी नळकांड्यात अडसर घालावा लागतो. पाचातली दोन काडतुसं कायद्याने काढून घेतली. त्याच वर्षी जिवंत बदकं बांधून थवे खाली बोलावणं आणि दाणे टाकून त्यांना जमवणंही बंद केलं. १९९९ पासून हिमहंसांच्या बेसुमार वाढीमुळे त्यांच्यापुरता अडसर काढायला परवानगी मिळाली, तीही खास आदेशाने, ठरावीक काळापुरती.

हे नियम कुणा अहिंसावाद्यांनी केले नाहीत. शिकाऱ्यांनीच ते मागितले. त्याआधीच्या पन्नास-साठ वर्षांत शहरांतल्या खाणावळींसाठी बदकं मारून रेल्वेने पाठवणाऱ्यांनी थवेच्या थवे संपवले होते. वेगवान बंदूक हातात आली की माणूस थांबत नाही, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. आपल्याकडचे हौशी लोक त्या देशाकडून बंदूक उचलू पाहतात. अडसर मात्र तिकडेच ठेवतात.

इथला कायदा, इथलं शिसं

आता आपल्याकडचं बघू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना घेऊन शिकार करण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, अंडी उचलणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. दुसरीकडे १९५९ चा शस्त्र कायदा आजही गुळगुळीत नळीच्या बंदुकीच्या परवान्यासाठी ‘संरक्षण किंवा खेळ’ अशी कारणं सांगतो. म्हणजे खेळासाठी बंदूक मिळू शकते, पण ती पाखरावर चालवता येत नाही. आणि सेमी-ऑटोमॅटिक? २०१६ च्या शस्त्र नियमांत अर्धस्वयंचलित शस्त्रं पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात आहेत. साध्या दुनळीच्या परवान्यावर ती मिळत नाही. गॅस की इनर्शिया हा आमच्याकडचा वाद म्हणजे न घेतलेल्या म्हशीच्या दुधावरून भांडण आहे.

यावर उत्तर ठरलेलं असतं. कायदे बदलता येतात. बरोबर. म्हणून कायदा बाजूला ठेवून शिशाबद्दल बोलू.

बदक दाण्याबरोबर बारीक खडे गिळतं. पोटातल्या पेषणीत त्या खड्यांनी दाणा दळला जातो. तळाशी पडलेला छर्रा त्याला खड्यासारखाच दिसतो. तो दळला गेला की शिसं रक्तात उतरतं, आणि ज्याला बार लागलाच नाही ते बदकही काही आठवड्यांत पंख पाडून मरतं. म्हणून अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचा छर्रा देशभर बंद केला. डेन्मार्कने १९९६ मध्ये तो शिकारीतून हद्दपार केला. युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागांत त्यावर बंदी घातली. तिकडे आता पोलादाचा छर्रा वापरतात. पोलाद शिशाहून हलकं, म्हणून छर्रा मोठा लागतो, मोठ्या छर्ऱ्याला मोठं काडतूस लागतं. साडेतीन इंची काडतुसाचं कौतुक इथून आलं. आपल्याकडचे काका त्याचे गुण सांगतात, पण ते कशासाठी जन्मलं ते त्यांना ठाऊक नसतं. आपल्याकडे दुनळीत पडणारं खडकीच्या कारखान्याचं काडतूस शिशाचंच.

आता हे शिसं आमच्या तलावात पडलं असं समजा. तो तलाव अमेरिकेतल्या अभयारण्यासारखा माणसांवाचून नाही. त्याच पाण्यावर धान पिकतं. त्यात शिंगाडा लावतात, मासे धरतात, कमळाची मुळं काढतात. उन्हाळ्यात तळाचा गाळ उपसून बांध्यांत टाकतात, आणि हल्ली तर सरकारच ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ म्हणून त्यासाठी पैसे देतं. तलावात पडलेला छर्रा तलावात राहत नाही. तो आमच्या ताटापर्यंत चालत येतो.

तिकिटाचा दाखला

शिकारवाल्यांचा सर्वांत बळकट मुद्दा पैशाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. अमेरिकेत १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक तिकीट विकत घ्यावं लागतं, ‘डक स्टॅम्प’. त्या तिकिटांतून आजवर एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली आणि तिच्यातून पाणथळ जमिनी विकत घेऊन राखल्या गेल्या. १९३७ पासून लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा ११ टक्के करही वन्यजीवांच्या कामाला जातो. थोडक्यात, बदक मारणाऱ्यानेच बदकाचं घर राखलं. हे खरं आहे, आणि कौतुकाचंही आहे.

मात्र ही योजना तीन खांबांवर उभी आहे. पहिला खांब मोजणीचा. १९५५ पासून तिथे दर वसंतात विमानांतून बदकांची पद्धतशीर गणना होते आणि तिच्यावरून त्या वर्षी कोणी किती मारायची ते ठरतं. आपल्याकडे १९८७ पासून आशियाई पाणपक्षी गणना होते. ती स्वयंसेवक करतात, जानेवारीत, जमेल तेवढ्या तळ्यांवर. त्या मंडळींना माझा नमस्कार, पण त्या आकड्यांवर माणशी चार की सहा बदकं हे ठरवता येत नाही. शिवाय आमच्याकडे येणारे चक्रवाक, तलवार बदकं, पट्टकदंब हंस मध्य आशियातून येतात. वाटेत त्यांचं काय होतं यावर आपला काही अंमल नाही.

दुसरा खांब देखरेखीचा. आपल्याकडे एकेका वनरक्षकाकडे किती जंगल असतं ते सांगायला नको. पहाटे पाच वाजता कुणाच्या बंदुकीतला अडसर तपासायला कोण जाणार?

तिसरा खांब जमिनीचा. तिथे तिकिटाच्या पैशातून जमीन विकत घेता येते. आमचे तलाव कुणाचे? कोहळी समाजाने अडीच-तीनशे वर्षांपूर्वी ते बांधले. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळींनी बांधला. इंग्रजांच्या काळात ते मालगुजारांच्या नावे झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि लोक त्यांना ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव म्हणू लागले. आता पाणी पाटबंधाऱ्यांचं किंवा जिल्हा परिषदेचं, मासे ढिवर सोसायटीचे, भिजवणीचा हक्क शेतकऱ्यांचा, आणि बुडित कोरडं पडलं की अतिक्रमण ज्याचं त्याचं. या गुंत्यात बंदुकीच्या परवान्याचा पैसा मुंबईच्या तिजोरीत जाईल, तलावाच्या पाळीवर येणार नाही.

परवानापद्धत आपण करून पाहिलेली नाही, असंही नाही. तिच्यातून काय हाती लागलं त्याचा दगडी पुरावा भरतपूरला उभा आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले, आणि तो आकडा अभिमानाने कोरून ठेवला. त्याच सुमारास, १९३५ मध्ये, बिहारमध्ये गुलाबी डोक्याच्या बदकाची भारतातली शेवटची मान्य नोंद झाली, तीही बंदुकीने. एका देशाने बंदुकीत अडसर घातला त्याच वर्षी आपण एक जात शेवटची पाहिली. तिच्या जाण्याला दलदली नाहीशा होणं हेही मोठं कारण होतं, पण ‘शिकाऱ्याने राखलं’ हे वाक्य तिथे कुणालाच म्हणता आलं नाही.

जाणकार कोण?

यानंतर सलीम अलींचं नाव पुढे येतं. तेही बंदूक चालवत, मग? चालवत होतेच. लहानपणी त्यांनी एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, आणि ती कोणती हे विचारायला ते १९०८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. पण चिमणी पाडणारी पोरं त्या काळी गावोगाव होती. फरक कुठे पडला? सोसायटीचे मिलार्ड यांनी पोराला हाकलून न देता कपाटातले पक्ष्यांचे नमुने उघडून दाखवले, तिथे. पुढे याच सोसायटीने देशभर पक्ष्यांच्या पायांत कड्या घालून स्थलांतराचा अभ्यास केला. त्यासाठी पक्षी जिवंत धरायचे होते. ते धरले बिहारच्या मीरशिकारींनी, पिढ्यान्‌पिढ्या जाळं लावणाऱ्यांनी. साहेबांच्या पाच बारांनी हे ज्ञान मिळालं नसतं.

आणि इथे माझ्या रागाचं खरं कारण येतं. आजोबांच्या गप्पांत शिकारीच्या पहाटे यायच्या. मालगुजाराचे पाहुणे पाळीवर बसत. ढिवर डोंगे घेऊन पाण्यात जात, बदकं उठवत, बार झाल्यावर गळाभर थंड पाण्यात शिरून पडलेली बदकं आणत. बदक कुठे बसतं, कोणत्या वाऱ्याला कुठून उठतं, जखमी झालं की कोणत्या गवतात दडतं, हे सगळं डोंग्यातल्या माणसाला ठाऊक. फोटोत मात्र बंदूकवाला. तो फोटो आज दिवाणखान्यात आहे आणि त्याला ‘निसर्गप्रेमाचा वारसा’ म्हणतात. डोंगेवाल्याच्या नातवाने दोन अडई फासात धरली, तर त्याच्यावर गुन्हा दाखल होतो आणि तीन वर्षांपर्यंतची कैद समोर दिसते. फास लावणं योग्य आहे असं मी म्हणत नाही. पण एकाच तलावावर, एकाच पाखरासाठी, एकाची आठवण वारसा आणि दुसऱ्याची भूक गुन्हा, हा हिशेब मला जमत नाही. नव्या परवान्याने हीच उतरंड परत येईल. परवाना ज्याला परवडतो तो बंदूक धरेल. पाण्यात उतरणारा तोच राहील.

खरं तर आमची बदकं बंदुकीने कमी झालीच नाहीत. तळ्यांत बेशरम माजली, परदेशी माशांची पिल्लं सोडली, तळाच्या वनस्पती संपल्या, म्हणून ती कमी झाली. बुडितात धानाच्या बांध्या घातल्या म्हणून झाली. वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण झालं. २२ एप्रिल १९८८ ला पायाभरणी झालेल्या त्या धरणाचं तुंबलेलं पाणी आता आमच्या अंगाला येऊन टेकतं. पूर्वी हिवाळ्यात इथे नदी उथळ व्हायची, वाळूची बेटं उघडी पडायची, त्यांवर चक्रवाक उतरायचे आणि ढिवरांच्या डांगरवाड्या लागायच्या. काही वाळू पाण्याखाली गेली, काही ट्रकांत भरून गेली. उरलेल्या पाण्यावर जलपर्णी पसरते. खालच्या अंगाला नाग नदी कन्हानमार्गे नागपूरचं सांडपाणी आणून सोडते. या सगळ्यावर बोलायला बंदूक लागत नाही, म्हणूनच बहुधा कुणी बोलत नाही.

कॅमेऱ्याचा बार

माझ्या पक्षीमित्रांना एवढं वाचून आनंद झाला असेल. त्यांनी थोडं थांबावं. सेकंदाला वीस फोटो काढणारा कॅमेरा हीसुद्धा एक सेमी-ऑटोमॅटिकच आहे. महाराष्ट्रात सारस उरले ते गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात, अगदी मोजके. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून त्यांच्यासाठी याचिका दाखल करून घ्यावी लागली. अशा पाखराचं धानाच्या बांधीतलं घरटं शोधून, शेतकऱ्याचं रोप तुडवून, दहा पावलांवर जाऊन फटाफट बटण दाबणारे मी पाहिले आहेत. नर-मादी उठतात, अंडी उघडी पडतात, कावळा टपलेला असतो. शिशाशिवाय शिकार झाली. आणि त्या शेतकऱ्याला पक्षीमित्र म्हणत नाहीत, जो सारसाचं घरटं आहे म्हणून तेवढा तुकडा न कापता सोडतो.

मग हवं काय?

शिकार उघडू नका, एवढंच सांगून मी थांबणार नाही. नकार सोपा असतो. अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि ढिवर समाजातल्या बायका-माणसांनी वेगळं काही करून दाखवलं आहे. तलावातली बेशरम उपटली, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती परत लावल्या, देशी मासे जोपासले. वनस्पती परतल्या की मासे परततात, आणि पाठोपाठ पाखरं. हे काम बंदुकीच्या तिकिटावर चाललं नाही. ज्यांना तलावाची ओळख होती त्यांच्या ज्ञानावर चाललं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. मासेमारीचा ठेका लांब मुदतीने स्थानिक ढिवर सोसायटीलाच द्या आणि तळाच्या वनस्पती राखण्याची अट त्यात घाला. त्या राखणीचे पैसे द्या. पाणपक्ष्यांच्या गणनेत डोंगा चालवणाऱ्याला मजुरी देऊन सामील करा आणि अहवालात त्याचं नाव छापा. सारसाच्या घरट्यासाठी पीक सोडणाऱ्या शेतकऱ्याला भरपाई वेळेवर द्या. बुडितातलं अतिक्रमण काढा, मग ते कुणाच्याही मेहुण्याचं असो. आणि बंदुकीचा आवाज ज्यांना ऐकायचाच आहे, त्यांच्यासाठी मातीच्या तबकड्यांवर नेम धरण्याचा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. तिथे मन भरेपर्यंत बार टाकावेत. तबकडी मध्य आशियातून येत नाही आणि तिच्या मागे पिल्लं नसतात.

टेक्सासातल्या मुलाने बेरेटा घ्यावी की बेनेली, ते त्याने ठरवावं. तो तिथला कर भरतो, तिकीट घेतो, पोलादाचा छर्रा वापरतो आणि तीन बारांनंतर थांबतो. आम्हाला इथे बंदूक निवडायची नाही. तलाव कुणाच्या हाती द्यायचा ते निवडायचं आहे, आणि ज्यांनी तो आजवर छातीइतक्या पाण्यात उभं राहून सांभाळला त्यांना अजून कुणी विचारलेलंही नाही.